वणव्यांचे ठिपके

वणव्यांचा इतिहास लिहायचा तर साधनं कोणती? जुन्या मध्य प्रांतातले वनखात्याचे अहवाल आहेत, पण ते जंगल राखणाऱ्यांनी लिहिलेले. म्हणून मी चंद्रपूर-गडचिरोलीवरचे उपग्रहाचे ठिपके बघत बसतो.

‘टेरा’ डिसेंबर १९९९ मध्ये सुटला, ‘ॲक्वा’ २००२ मध्ये. दोघांवरच्या ‘मोडिस’ उपकरणाचा एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन. २०११ साली ‘सुओमी एनपीपी’बरोबर ‘व्हिअर्स’ आलं, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा. तिथून पुढे ठिपके वाढलेले दिसले, तर जंगल जास्त जळायला लागलं असं लगेच म्हणू नका. नजर बारीक झाली हो! दोन्ही आकडे एकाच आलेखात चिकटवलेले दिसले की माझं डोकं फिरतं. शिवाय पाचोळ्यातली बुटकी आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधे लागून विझली, तर वर पत्ताच लागत नाही.

महिने मात्र बरंच सांगतात. फेब्रुवारीपासून सुरुवात, मार्च-एप्रिलात गर्दी, पावसाबरोबर सगळं शांत. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात तो याच दिवसांत. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. पण पाचोळा सुकतो तोही तेव्हाच, आणि वाटसरूची विडी काही नकाशावर उमटत नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ठिपक्याशेजारी गाव दिसलं की संशयित तयार. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अशा गावाच्या जंगलात ठिपका पडला, तर जळालेला तेंदू गावाचाच असतो.