न्यूझीलंडच्या हिमनदीवर पाय ठेवायला आता हेलिकॉप्टरच का लागतं?

2018 साली आलेल्या ‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’चा शेवट आठवतोय? टॉम क्रूझ हेलिकॉप्टरला लोंबकळतोय, खाली बर्फाचे कडे आणि गोष्ट घडतेय काश्मीरमध्ये. पण ते काश्मीर नव्हतंच. हेलिकॉप्टरचा तो पाठलाग शूट झाला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. तिथे टॉम क्रूझ नसलेल्यांनाही हेलिकॉप्टरमधून डोंगर, हिमनद्या आणि फिऑर्ड बघता येतात. अर्थात आत बसून, पट्टा लावून.

आता फिऑर्ड म्हणजे काय? हिमनदीने हजारो वर्षं डोंगर खरवडून केलेली खोल दरी, जिच्यात नंतर समुद्राचं पाणी शिरलं. आपल्या कोकणातल्या खाड्या नद्यांच्या मुखाशी तयार झाल्यात, त्यामुळे त्यांचे काठ बऱ्यापैकी उतरते. फिऑर्डच्या भिंती मात्र पाण्यातून सरळ उभ्या. न्यूझीलंडमधला सगळ्यात प्रसिद्ध फिऑर्ड म्हणजे मिलफर्ड साउंड, माओरी भाषेत पिओपिओताही. तिथलं मायटर पीक 1,683 मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं जास्तच, आणि तेही थेट समुद्रातून वर आलेलं.

क्वीन्सटाउन शहरातून मिलफर्डला रस्त्याने जायचं तर साधारण 290 किलोमीटर आणि चार तास, कारण डोंगररांगेला मोठा वळसा पडतो. सरळ रेषेत हेच अंतर 70 किलोमीटरच्या आसपास आहे. हेलिकॉप्टर अर्ध्या-पाऊण तासात पोचवतं.

या भागात हेलिकॉप्टर रुजलं ते मात्र पर्यटकांसाठी नाही, तर हरणांसाठी. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी मुळात नव्हताच. युरोपियन लोकांनी 19 व्या शतकात शिकारीच्या हौसेपायी हरणं आणून सोडली. त्यांना खाणारं कुणी नाही, त्यामुळे ती बेसुमार वाढली आणि जंगल फस्त करायला लागली. 1960 च्या दशकात टिम वॉलिससारख्या लोकांनी दुर्गम डोंगरात मारलेली हरणं हेलिकॉप्टरने खाली आणायला सुरुवात केली. पुढे हवेतूनच जाळं टाकून जिवंत हरणं पकडली जाऊ लागली. हे काम भयंकर धोक्याचं होतं, पण अरुंद दऱ्यांमध्ये हेलिकॉप्टर कसं चालवायचं, हे इथले पायलट त्यातूनच शिकले.

हिमनद्यांची गोष्ट वेगळी आहे. मिलफर्डच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन हिमनद्या आहेत. फ्रान्झ जोसेफचं माओरी नाव आहे का रोइमाता ओ हिने हुकाटेरे, म्हणजे हिने हुकाटेरेचे अश्रू. तिचा प्रियकर हिमकडा कोसळून गेला आणि तिचे अश्रू गोठून ही नदी झाली, अशी कथा आहे. 1865 मध्ये युलियस फॉन हास्ट या भूगर्भतज्ज्ञाने तिला थेट ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं नाव दिलं, ज्याचा या अश्रूंशी काही संबंध नव्हता.

या दोन्ही हिमनद्या डोंगरावरून जवळजवळ जंगलापर्यंत उतरायच्या. दरीतून चालत जायचं आणि गाइडसोबत बर्फावर चढायचं, असा साधा कार्यक्रम असायचा. 1983 ते 2008 या काळात तर न्यूझीलंडच्या काही हिमनद्या पुढे सरकत होत्या. मग तापमानवाढीने गणित फिरलं. फ्रान्झ जोसेफ 2008 नंतर एक किलोमीटरहून जास्त मागे हटली. तोंडाशी बर्फ कोसळायला लागला, कडेचे डोंगर ढासळायला लागले. फ्रान्झ जोसेफवर चालत चढणं 2012 मध्ये बंद झालं, फॉक्सवर 2014 मध्ये. आता गाइडसोबत बर्फावर फिरायचं तर हेलिकॉप्टर वर नेऊन सोडतं. बर्फ वितळला म्हणून इंधन जाळत वर जायचं, हा विरोधाभास तिथल्या लोकांनाही कळतो. पण गावांचं पोट या पर्यटनावरच आहे.

खरा धोका आहे हवामानाचा. टास्मान समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगरांना धडकतात, सह्याद्रीवर पावसाळ्यात होतं तसंच. मिलफर्डला वर्षाला 6,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीची आठवण यावी असा. फरक एवढाच की तिथला पाऊस वर्षभर येतो. या सहलींमध्ये पायलट डोळ्यांनी बघून उडवतो. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे झाले की जमीन किती खाली आहे, हेच कळत नाही.

21 नोव्हेंबर 2015 ला फॉक्स हिमनदीवर सहलीचं हेलिकॉप्टर कोसळलं. पायलट आणि सहा पर्यटक, सगळे गेले. त्या दिवशीचं हवामान अस्थिर होतं आणि अशा उड्डाणासाठी योग्य नव्हतं, असा निष्कर्ष तपास आयोगाने काढला.

म्हणून ‘आज उडणार नाही’ असं पायलटने सांगितलं तर वाद घालू नका. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि हाताशी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा. उड्डाणाआधी तुमचं वजन केलं जातं आणि कोण कुठे बसणार, हे त्यावर ठरतं. त्यामुळे खिडकीची किंवा पुढची सीट हवी म्हणून हट्ट चालत नाही. गडद रंगाचे कपडे घाला, नाहीतर प्रत्येक फोटोत काचेवर तुमचाच पांढरा शर्ट दिसेल.

आणि मिलफर्डला पावसामुळे उड्डाण हुकलंच, तर बोटीचं तिकीट काढा. मुसळधार पावसात त्या उभ्या भिंतींवरून शेकडो धबधबे कोसळायला लागतात. पाऊस थांबला की त्यातले बहुतेक काही तासांत गायब होतात.