कॅट्रिना वादळानंतरचीं चाकांचीं घरें : दोन अस्सल लेखांचा विचार

२९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना नांवाचें चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलें व लुइझियाना आणि मिसिसिपी या संस्थानांतील लाखों लोक निराश्रित झाले. त्यांच्यासाठीं केंद्र सरकारच्या फेमा नामक आपत्तिनिवारण खात्यानें लाखाहून अधिक ट्रेलर, म्हणजे मोटारीमागें जोडून न्यावयाचीं चाकांचीं घरें, पुरविलीं. त्यांतील दाबीव फळ्यांच्या चिकटद्रव्यांतून फॉर्माल्डिहाइड वायु सुटून डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, अशा तक्रारी २००६ पासून येऊं लागल्या. खिडक्या उघड्या ठेवाव्या, एवढाच खात्याचा उपदेश होता.

तेव्हां खात्याकडून झाला तो केवळ हलगर्जीपणा, कीं जाणूनबुजून केलेलें दुर्लक्ष? येथें अस्सल कागदच प्रमाण. जून २००६ मध्यें तपासणीचा प्रश्न निघाला होता व त्याच महिन्यांत स्लायडेल येथें एक रहिवासी आपल्या ट्रेलरांत मृत आढळला. त्या वेळचा खात्याच्या एका वकिलाचा ई-मेल प्रतिनिधिसभेच्या समितीनें जुलै २००७ मध्यें उजेडांत आणला. त्याचा आशय असा कीं, निकाल हातीं आला म्हणजे उपाययोजनेचें दायित्व सुरू होतें, सबब आम्ही सांगेपर्यंत तपासणी करूं नये. आमचे कित्येक संग्राहक मित्र ई-मेलास कागदच मानीत नाहींत. परंतु इतका निःसंदिग्ध पुरावा जुन्या दप्तरांतही क्वचितच सांपडतो.

वसलेल्या ट्रेलरांची सरकारी तपासणी अखेर डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्यें झाली. ५१९ ट्रेलरांत हवेच्या एक अब्ज भागांस सरासरी ७७ भाग वायु भरला. कांहीं ठिकाणीं तो ५९० पर्यंत गेला. हीं मापें हिवाळ्यांतील आहेत, हें विसरूं नये. उष्ण्यांत हा वायु अधिक सुटतो.

दुसरा लेख त्रोटक आहे. कारखान्यांत तयार होणाऱ्या घरांच्या फळ्यांस या वायूची मर्यादा १९८० नंतरच्या दशकांतच घातली गेली होती. पण ट्रेलर हें कायद्यानें घर नसून वाहन, म्हणून तो नियम त्यास लागू नव्हता. पुढें हे ट्रेलर लिलावांत विकतांना सरकारनें त्यांवर चिठ्ठी चिकटविली कीं, निवासासाठीं वापरूं नये. २०१० मध्यें मेक्सिकोच्या आखातांत तेलगळती झाली, तेव्हां सफाईस आलेले कांहीं मजूर याच ट्रेलरांत राहत होते. कित्येकांवरील चिठ्ठी तोंवर नाहींशी झाली होती.