पानसुपारीपासून कॉकटेलपर्यंत

हल्लीं लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेंत मुहूर्ताखालीं ‘सायंकाळीं कॉकटेल’ अशी ओळ दिसूं लागली आहे. आमच्या फणसवाडींतहि ती येऊन पोंचली. वडील मंडळी ती वाचून कपाळाला आठ्या घालतात, तरुण त्यांना जुनाट म्हणतात. माझ्या मतें दोन्ही पक्षांना इतिहासाचा विसर पडला आहे. पंगतीवांचून पाहुण्यांचा घटकाभर सत्कार करण्याची चाल आपल्याकडे जुनीच. तिचें नांव पानसुपारी.

पानसुपारी म्हणजे केवळ विडा नव्हे. यजमानानें दारांत सामोरें जावें, मनगटाला अत्तर लावावें, गुलाबदाणीनें गुलाबपाणी शिंपडावें, हातीं विडा व नारळ द्यावा. पाहुण्यानें चार शब्द बोलून निघावें. शिजलेल्या अन्नाला आणि पाण्याला जातीचे जे निर्बंध होते, ते अत्तर-सुपारीला तितके कडक नव्हते. त्यामुळें ज्यांचें पान शेजारीं मांडतां येत नसे असे स्नेही, कचेरींतले वरिष्ठ, पारशी व्यापारी एकाच बैठकीवर येऊं शकत. अस्पृश्य मानलेल्यांना मात्र तेंहि दार बंदच होतें, हें लपवूं नये.

पेयाची गोष्ट निराळी. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्यास पंचहौद मिशनांत व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. हजर असलेल्यांचीं नांवें गोपाळराव जोशी यांनीं छापवून आणलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकहि होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, आणि एका पेलाभर चहापायीं रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. त्याबद्दल सुधारक स्नेह्यांनींच त्यांना दूषण दिलें! मुंबई याबाबतींत धीट. अमेरिकेहून जहाजानें बर्फ येथें १८३४ च्या सुमारास उतरला. जमशेटजी जीजीभाईंनीं घरच्या मेजवानींत आइस्क्रीम दिलें, आणि सर्वांना पडसें झालें असें सांगतात.

गिरगांवच्या चाळींत अडचण जागेची. गॅलरींत पंगत बसली कीं वाट बंद, आणि दुसरी पंगत जिन्यावर तिष्ठत. पानसुपारीला माणूस पाव तासांत येऊन जाई. त्यांतच १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. धान्य मोजून मिळूं लागल्यावर मोठ्या पंगती उठविणें कठीण झालें. पुढें या सत्कारांत आइस्क्रीमनें आणि पियूषानें बस्तान बसविलें, व नांव ‘रिसेप्शन’ पडलें.

मद्याला मात्र कायदा आडवा होता. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी लागू झाली. ती फार टिकली नाहीं, पण १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजहि पुस्तकांत आहे. लग्नाच्या सभागृहांत मद्य द्यावयाचें तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तेवढ्या दिवसाचा परवाना काढावा लागतो. पुष्कळ यजमानांना हें ऐन वेळीं कळतें.

कोणीं काय प्यावें हा ज्याचा त्याचा विवेक. मला खुपतें तें वेगळें: एका दालनांत पिणारे, दुसऱ्यांत न पिणारे, आणि आजी-आजोबा कोठें तरी भिंतीकडेला. जी बैठक पंगतीचा भेद चुकविण्यासाठीं होती, तिच्यांतच नवा पंक्तिभेद शिरला. असा बेत ज्यांच्या घरीं ठरत असेल त्यांनीं पियूष, कोकमाचें सरबत आणि विड्यांचें तबक त्याच मेजावर मांडावें, वडिलांच्या खुर्च्या तेथेंच ठेवाव्या, आणि दारांत अत्तरदाणी घेऊन घरचेंच माणूस उभें करावें; भाड्याचा गणवेषधारी नको.