वरच्या मजल्याची कुळकथा

शहरात धावणाऱ्या बसगाड्यांचा ज्यांना छंद जडलेला असतो, अशा मंडळींत पंथोपपंथ पुष्कळ आहेत. कोणी इंजिनाच्या नुसत्या घरघरीवरून गाडी लेलँडची की टाटांची हे डोळे मिटून सांगतो, कोणी कधीच्या बंद पडलेल्या मार्गांचे क्रमांक आणि थांबे घडाघडा म्हणून दाखवतो, कोणी जुनी तिकिटे रंगवार लावून वह्यांत जपतो, आणि या पंथांचे आपसांत नेहमीच पटते असेही नाही. परंतु दुमजली बस थांब्याला लागली की हे सारे मतभेद बाजूस सारून, वयाचा आणि हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता, ही मंडळी जिना चढून ज्या एका बाकाकडे धाव घेतात, ते वरच्या मजल्यावरचे, चालकाच्या मस्तकाच्या वर येणारे पहिले बाक आज मानाचे ठरले असले, तरी जन्माने ते हलक्या कुळातले आहे. निम्म्या भाड्याचे, उघड्या आभाळाखालचे, आणि खिशाला आतली जागा परवडत नाही म्हणून लोकांनी नाइलाजाने पत्करलेले असे ते स्थान होते. ते मानाचे कसे झाले, हाच दुमजली बसच्या कुळकथेचा विषय होय.

सार्वजनिक गाडीचा मूळपुरुष शोधू गेल्यास आपण एका गणितज्ञाच्या दारी येऊन पोहोचतो. ब्लेझ पास्कल याच्या कल्पनेतून, आणि काही सरदारांच्या भांडवलावर, राजाचे फर्मान मिळवून पॅरिस शहरात १८ मार्च १६६२ रोजी ठरावीक मार्गाने, ठरावीक वेळी आणि ठरावीक भाड्यात जाणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. गाडीत आठ माणसे बसत आणि भाडे पाच सू असे. गाडी भरो वा न भरो, ती वेळ होताच सुटे. आजच्या बसचे सारे लक्षण त्यात आले. परंतु पॅरिसच्या न्यायसभेने ही योजना मंजूर करताना शिपाई, हुजरे, चाकर आणि अंगमेहनतीची कामे करणारे लोक यांना गाडीत बसण्यास मज्जाव केला, आणि ज्यांना पायी चालण्याचे कष्ट खरोखर वाचवावयाचे होते तेच बाहेर राहिले. पास्कल त्याच वर्षीच्या ऑगस्टात निवर्तला, आणि पुढील पंधराएक वर्षांत त्याच्या गाड्याही बंद पडल्या. सर्वांची म्हणविणारी गाडी सर्वांची नसली की ती टिकत नाही, हा धडा वाहतुकीच्या दफ्तरात प्रथम तेव्हा नोंदला गेला.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे हे कूळ निर्वंश असल्यासारखेच होते. १८२६ मध्ये फ्रान्समधील नांत शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने आपल्या पिठाच्या गिरणीतील उष्णतेचा उपयोग करून गावाबाहेर स्नानगृहे काढली आणि गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी शहरातून तेथवर गाडी ठेवली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की गाडीत बसणाऱ्यांपैकी पुष्कळांना स्नानाशी काही कर्तव्य नसून ते वाटेतच उतरून आपापल्या कामास जातात. चतुर व्यापाऱ्याप्रमाणे त्याने स्नानगृहांपेक्षा गाडीच अधिक मनावर घेतली, आणि दोन वर्षांत पॅरिसमध्येही तशा गाड्या धावू लागल्या. पॅरिसचे ते काम पाहून आलेल्या जॉर्ज शिलिबिअर याने ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टनपासून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत आपली गाडी सोडली. तिला तीन घोडे एका ओळीत जोडलेले असत आणि बावीस प्रवासी आत बसत. पण पूर्ण अंतराचे भाडे एक शिलिंग असल्यामुळे कामकरी माणूस तिच्या वाटेस जाणे शक्य नव्हते. वरचा मजला मात्र अद्याप अस्तित्वात आला नव्हता.

तो कसा आला हे समजून घेण्यास घोड्यांचा जमाखर्च पाहिला पाहिजे. घोडा दिवसातून थोडेच तास गाडी ओढू शकतो. त्यामुळे दिवसभर एक गाडी रस्त्यावर ठेवावयाची तर तिच्यामागे दहा-अकरा घोडे पागेत बांधून पोसावे लागत. चंदी, गवत, नालबंदी आणि मोतद्दार यांचा खर्च आतल्या प्रवाशांच्या भाड्यातून भागविताना मालकांच्या नाकी नऊ येत. मग गाडीच्या टपावर जी रिकामी जागा ऊन खात पडलेली होती, तिच्याकडे त्यांचे लक्ष जावे हे स्वाभाविकच होते. कारण वरचा प्रवासी नवा घोडा न मागता नवे भाडे देत असे. १८४७ च्या सुमारास लंडनच्या एका कारखान्याने मध्यभागी उंचावलेल्या छपराची गाडी बांधली. त्या उंचवट्याचा उपयोग करून टपावर पाठीला पाठ लावून बसावयाची लांबट फळी आली, आणि १८५१ च्या जागतिक प्रदर्शनास लोटलेल्या अलोट गर्दीने ती फळी लंडनभर रूढ केली. पॅरिसमध्ये १८५३ पासून आत बसणाऱ्यास तीस सांतीम आणि टपावर बसणाऱ्यास पंधरा, असा दरच बांधून दिला गेला.

वर चढण्यास जिना नसून दाराशेजारी ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या असत. त्यांवर पाय रोवून, हाताने दांडी धरून, चालत्या गाडीचा तोल सांभाळीत चढावे लागे. त्यामुळे पायघोळ झग्यांतल्या स्त्रियांना आणि वृद्धांना तो मजला बंदच होता. तेथे बसत ते पेढ्यांतले कारकून, उमेदवार, कारागीर आणि विद्यार्थी. पावसाने भिजणे आणि रस्त्याची धूळ खाणे हे त्यांच्या निम्म्या भाड्याचे उरलेले मोल होते. परंतु खाली दाटीवाटीने समोरासमोर गुडघे भिडवून बसलेल्या प्रतिष्ठितांना जे शहर कधी दिसत नसे, ते या मंडळींना अनायासे दिसू लागले. बाजार, कुंपणापलीकडच्या बागा, पुलाखालची नदी, आणि पुढच्या वळणावर काय अडले आहे याची आगाऊ वर्दीसुद्धा. गरिबीने वर पाठविलेल्या माणसाला आपण वर आहोत याचे सुख कळू लागले, ते येथून.

१८८१ च्या सुमारास लांब फळी जाऊन तोंड पुढे करून बसावयाची दोन-दोन माणसांची बाके आली, मागे वळणदार जिना आला, आणि कठड्याला फळ्या ठोकून खालच्या बघ्यांच्या नजरेपासून स्त्रियांच्या घोट्यांचे रक्षण करण्याचा बंदोबस्तही झाला. या तीन सुधारणांनी वरच्या मजल्याचे कूळ पालटले असे म्हणण्यास हरकत नाही. कारण एकदा स्त्रिया आणि मुले वर जाऊ लागली, तेव्हा ‘आत जागा नाही म्हणून वर’ ही भाषा मागे पडून ‘वर जागा आहे का’ अशी विचारणा होऊ लागली.

घोडा गेला तरी मजला राहिला. १९१० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर आलेली ‘बी’ जातीची मोटारबस चौतीस माणसांची होती, आणि त्यांपैकी सोळा आत व अठरा वर बसत, म्हणजे बहुमत वरच्यांचे होते. पहिल्या महायुद्धात याच जातीच्या शेकडो गाड्या सैनिकांना वाहून नेण्यासाठी आघाडीवर गेल्या. वरचा मजला मात्र उघडाच राहिला, कारण छपराच्या भाराने गाडी कलंडेल ही भीती पोलिसांना वाटत असे, आणि पावसात प्रवाशाने बाकाला लावलेले मेणकापड गुडघ्यांवर ओढून घ्यावे असा शिरस्ता होता. चौकटीची उंची कमी केलेल्या गाड्या आल्यावर, १९२५ मध्ये लंडनला छपराची परवानगी मिळाली. १९२७ मध्ये रॅकॅम या अभियंत्याने लेलँड कंपनीसाठी ‘टायटन’ ही गाडी सिद्ध केली, तिच्या चौकटीचा कणाच त्याने खाली वाकविला, आणि दुमजली बसचे भारकेंद्र जमिनीच्या इतके जवळ आणले की पुढची कित्येक दशके हाच बांधा प्रमाण मानला गेला.

आता मुंबईकडे वळू. येथे ९ मे १८७४ रोजी कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी ती विजेवर धावू लागली, आणि गर्दी आवरेना तेव्हा १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. तेव्हा मुंबईकर वरच्या मजल्यावर प्रथम चढला तो ट्रामच्या. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस निघाली, आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, या ट्राम आणि बसगाड्या चालविणाऱ्या कंपनीचा कारभार महापालिकेच्या हाती आला आणि बेस्ट हा उपक्रम खऱ्या अर्थाने शहराचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद पडली, तेव्हा उंचावरून शहर पाहण्याचा वारसा एकट्या दुमजली बसकडे आला. पॅरिसमध्ये वर आणि खाली यांच्या भाड्यात दुपटीचा भेद होता. मुंबईच्या बसमध्ये तो भेद उरला नाही, आणि दर एकच असता माणूस कोठे बसू इच्छितो याचा निकाल येथील जिन्यावरील रेटारेटीने रोजच्या रोज लागत राहिला.

या गाडीचा कारभार दोन कंडक्टरांत वाटलेला असे, एक खाली आणि एक वर. खालच्याच्या हाती घंटेची दोरी, आणि पर्यायाने गाडीची सूत्रे. दोरी एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. ही ‘डबल बेल’ पडल्यावाचून गाडी हलावयाची नाही असा दंडक होता. वरच्याचे राज्य लहान पण शिस्तीचे होते, कारण तोल राखण्यासाठी वर उभे राहण्यास मनाई असे. तिकिटांच्या पेटीवर पंचाची टिकटिक करीत, हलत्या फरशीवर पाय किंचित फाकवून, कशाचाही आधार न घेता तो बाकांमधून फिरे, आणि त्याची ती सहज चाल पाहणे हाही प्रवासाचा एक भाग होता. १२३ क्रमांकाची बस मरीन ड्राइव्हला लागली की पहिल्या बाकावरील मनुष्यास डावीकडे-उजवीकडे पाहू तितके कमी पडे. एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला घरांचे सज्जे बरोबर डोळ्यांच्या पातळीत येत, समोरच्या काचेखाली गाडीचे नाक दिसत नसल्यामुळे आपण रस्त्यावरून तरंगत जात आहोत असा भास होई, आणि पुढची टॅक्सी आता चाकांखाली गेलीच असे वाटून नवखा प्रवासी दर सिग्नलला पाय आखडून घेई.

वर बसून प्रवासी जो आनंद उपभोगतो, त्याची जोखीम खाली बसलेल्या चालकास वाहावी लागते. शेजारी तापलेले इंजिन, हातात भलेमोठे चाक, आणि डोक्यावर त्याला स्वतःला न दिसणारा एक मजला. रस्त्याला गटाराकडे उतार असतो. त्यामुळे गाडी थांब्याला लागताना चाके पदपथापासून हातभर दूर असली तरी माथा त्याहून अधिक कलतो, आणि झाडाची फांदी, दिव्याचा खांब किंवा दुकानाची पाटी चाकांच्या आधी माथ्याला भेटते. म्हणून कसलेला चालक आपल्या मार्गावरची झाडे ओळखून असतो. वळणावर वरच्या माणसाला खालच्यापेक्षा अधिक झोका बसतो, यासाठी ब्रेक वळणाच्या आधीच पुरा करावयाचा आणि वळताना गाडीला केवळ वाहू द्यावयाचे. जुन्या गिअरपेटीत तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावयाची, क्लच सोडून इंजिनाचा वेग कानाने जुळवून घ्यावयाचा, आणि पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकावयाचा. हे ज्याला साधले त्याच्या गाडीत उभ्या माणसाला हिसका कळत नसे, आणि ज्याला साधले नाही त्याच्या गिअरची करकर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येई.

एवढे उंच धूड कलंडत कसे नाही, ही शंका प्रत्येक पिढीस पडत आली आहे. लंडनच्या कारखान्यांत त्याची परीक्षाच घेतली जात असे. वरच्या मजल्यावर प्रवाशांच्या वजनाची पोती रचून, खालचा मजला रिकामा ठेवून, गाडी एका फळीवर २८ अंशांपर्यंत तिरपी करीत, आणि तरीही ती उभी राहिली पाहिजे असा नियम होता. ३० डिसेंबर १९५२ रोजी ७८ क्रमांकाची दुमजली बस टॉवर ब्रिजवर असताना पूल उघडू लागला, तेव्हा चालक आल्बर्ट गंटर याने गाडी थांबविण्याऐवजी वेग वाढवून ती पलीकडच्या, अद्याप न उचललेल्या भागावर उडवून नेली. कोणाच्या प्राणावर बेतले नाही, आणि त्यास दहा पौंडांचे इनाम मिळाले. त्या प्रसंगी रॅकॅमच्या पिढीने खाली आणलेल्या भारकेंद्राचे सार्थक झाले असे मानावयास हरकत नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत सुमारे ९०० दुमजली बसगाड्या होत्या. पुढे उड्डाणपूल आले, गाड्या जुन्या झाल्या, आणि एका गाडीमागे दोन कंडक्टरांचे वेतन हिशेबनिसाच्या डोळ्यांत खुपू लागले. ज्या जमाखर्चाने हा मजला जन्मास घातला होता, त्यानेच तो उतरविण्याचा घाट घातला. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवर चालणारी अखेरची दुमजली बस अंधेरीकडील मार्गावर धावली, आणि तिला निरोप देण्यास बसप्रेमी मंडळी फुले घेऊन जमली. परंतु त्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस मुंबईच्या रस्त्यावर आली होती. म्हणजे सुमारे सात महिने दोन पिढ्या एकाच शहरात नांदल्या आणि वंशखंड झाला नाही. नव्या गाडीला जिने दोन आहेत, काचा बंद आहेत, आणि वारा अंगावर घेण्याची सवय असलेल्या जुन्या शौकिनांची तक्रार रास्तही आहे. तथापि तिच्यात साठाहून अधिक माणसे बसतात आणि रस्त्याची लांबी ती साध्या बसहून फारशी अधिक अडवीत नाही; चहूबाजूंनी पाण्याने आवळलेल्या शहराने याहून मोठी सोय कोणती मागावी? रुंद करण्यास रस्ता उरला नाही, तेव्हा गाडी उंच करणे हाच मार्ग शहाणपणाचा आहे, आणि तो हिशेब एका जादा वेतनाच्या आकड्याखाली झाकून टाकण्याचा मोह नव्या कारभाऱ्यांनी आवरावा, एवढीच या कुळाच्या चाहत्यांची विनंती आहे.