'त्यायोगे' : ब्रिटनच्या परदेशी विकाससाहाय्याचे व्यवस्थापन व समर्थन

एखाद्या शासनाने आपल्या करदात्यांचा पैसा परक्या देशाच्या विकासासाठी खर्च करावयाचा म्हटले, म्हणजे त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा पैसा का द्यावयाचा, हा पहिला प्रश्न. तो कोणत्या खात्याने, कोणत्या नियमाने व कोणाच्या संमतीने द्यावयाचा, हा दुसरा. पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा प्रशासनाचा, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ब्रिटनच्या परदेशी साहाय्याचा १९२९ पासूनचा इतिहास पाहिला असता हे दोन प्रश्न एकमेकांपासून अलग करता येत नाहीत, असे दिसून येते. समर्थनासाठी योजिलेले शब्द कायद्याच्या कलमात उतरले की ते खर्चाला मर्यादा घालू शकतात; ते केवळ श्वेतपत्रिकेत वा भाषणात राहिले, तर मंत्री बदलताच त्यांचा अर्थही बदलतो. या इतिहासात शब्दांकडे लक्ष द्यावयाचे ते याच कारणासाठी.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अर्थखात्याचे सूत्र असे होते, की प्रत्येक वसाहतीने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवावा. १८९५ मध्ये वसाहतमंत्री झालेल्या जोसेफ चेंबरलेन यांनी वसाहतींना अविकसित मालमत्तेची उपमा देऊन त्यांत भांडवल घालण्याचा आग्रह धरला. तथापि या विचाराला सर्वसाधारण कायद्याचे रूप १९२९ च्या वसाहतविकास अधिनियमानेच आले. या अधिनियमान्वये वर्षाला जास्तीत जास्त १० लाख पौंड द्यावयाचे ठरले. त्याचा हेतू कलमातच नमूद होता : वसाहतीतील शेती व उद्योग यांना साहाय्य करून त्यांचा विकास करणे, आणि त्यायोगे ब्रिटनशी होणाऱ्या व्यापारास वा ब्रिटनमधील उद्योगास चालना देणे. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या दहा लाखांहून अधिक होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या 'त्यायोगे'चे मर्म स्पष्ट होते. आफ्रिकेत लोहमार्ग घातला, तर रूळ व इंजिने ब्रिटिश कारखान्यांतून जावयाची होती. येथे 'विकास' ही क्रिया सर्वस्वी सकर्मक आहे. विकास करणारा लंडनमध्ये आहे. ज्याचा विकास करावयाचा ती भूमी, खाण किंवा बंदर आहे. तेथील माणूस या वाक्याचा कर्ताही नाही आणि कर्मही नाही.

हा माणूस वाक्यात आला तो दंगलींच्या मार्गाने. १९३४ ते १९३८ या काळात वेस्ट इंडीजच्या बेटांत मजुरांचे संप व दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी १९३८ मध्ये लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमण्यात आला. आयोगाला आढळलेली परिस्थिती इतकी लाजिरवाणी होती, की शत्रूच्या प्रचाराला साधन मिळू नये म्हणून १९४० मध्ये केवळ शिफारशी प्रसिद्ध झाल्या. पूर्ण अहवाल १९४५ पर्यंत बाहेर आला नाही. १९४० च्या अधिनियमाच्या नावात 'विकास' या शब्दाच्या जोडीला 'कल्याण' हा शब्द आला, तो या पार्श्वभूमीवर. त्या अधिनियमाने वार्षिक मर्यादा ५० लाख पौंडांपर्यंत वाढविली व संशोधनासाठी आणखी ५ लाख पौंडांची तरतूद केली. १९४५ मध्ये पुढील दहा वर्षांसाठी १२ कोटी पौंड मंजूर झाले. शिक्षणावरील खर्च आता कायद्याच्या कक्षेत आला, आणि 'त्यायोगे' हा शब्द कलमातून गळाला.

कलमातून गळालेला शब्द व्यवहारातून गळालाच, असे मात्र नाही. महायुद्धोत्तर काळात मलायाचे रबर व गोल्ड कोस्टचा कोको यांनी मिळविलेले डॉलर लंडनमधील सामायिक गंगाजळीत जमा होत होते, आणि डॉलरांच्या टंचाईने ग्रासलेल्या ब्रिटनला त्यांचा मोठा आधार होता. ज्या काळात वसाहतींना साहाय्य मिळत होते, त्याच काळात त्या स्वतः ब्रिटनला आधार देत होत्या. १९४७ मध्ये टांगानिकात सुरू झालेली भुईमुगाची योजना हे याचे दुसरे उदाहरण होय. ब्रिटनमधील खाद्यतेलाची टंचाई दूर करावयाची आणि टांगानिकाचा विकासही साधावयाचा, असे तिचे दुहेरी समर्थन होते. ३२ लाख एकरांहून अधिक जमीन लागवडीखाली आणण्याची कल्पना होती. परंतु पर्जन्यमान, माती व यंत्रे यांचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता. १९५१ मध्ये योजना सोडून द्यावी लागली व सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडीत खाती टाकावे लागले. एकाच योजनेवर दोन हेतू लादले, म्हणजे योजना कोणत्या कसोटीवर तपासावयाची हेच ठरत नाही, हा धडा येथे प्रथम मिळाला.

वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या, तेव्हा 'वसाहतविकास' हा शब्दच कालबाह्य झाला. १९६४ मध्ये अधिकारावर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने परदेशविकासाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले व बार्बरा कॅसल यांना मंत्रिमंडळात स्थान देऊन ते त्यांच्याकडे सोपविले. १९६५ च्या श्वेतपत्रिकेत साहाय्याचा पाया नैतिक आहे असे प्रतिपादन करण्यात आले, आणि दीर्घ मुदतीत ते ब्रिटनच्याही हिताचे आहे अशी पुस्ती जोडण्यात आली. 'त्यायोगे' परतला तो असा. पूर्वी तो हेतू होता, आता तो आनुषंगिक फलाच्या रूपाने आला. पुढे १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संपन्न देशांनी राष्ट्रीय उत्पादनाच्या ०.७ टक्के साहाय्य द्यावे असे उद्दिष्ट ठरविले. ब्रिटनने ते १९७४ मध्ये तत्त्वतः मान्य केले. मुदत मात्र घालून घेतली नाही.

याच सुमारास खात्याचे स्थलांतर हा एक नियमच बनला. १९७० मध्ये हुजूर पक्षाने मंत्रालय परराष्ट्रखात्यात विलीन केले. १९७४ मध्ये मजूर पक्षाने ते पुन्हा वेगळे काढले. १९७९ मध्ये ते पुन्हा परराष्ट्रखात्यात गेले. खाते स्वतंत्र असताना गरिबी हा शब्द पुढे येतो व ते परराष्ट्रखात्यात गेले की राष्ट्रहित हा शब्द पुढे येतो, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. हा नियम काटेकोर मात्र नाही. निर्यातदार कंपन्यांच्या कंत्राटांना साहाय्याची जोड देणारी 'साहाय्य व व्यापार तरतूद' १९७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा मंत्रालय स्वतंत्र होते व सरकार मजूर पक्षाचे होते. १९८० मध्ये थॅचर सरकारने राजकीय, औद्योगिक व व्यापारी उद्दिष्टांना अधिक वजन देण्याचे जाहीर केले. वाट मात्र आधीच पडलेली होती.

या धोरणाचा प्रत्यय भारतालाही आला. समुद्रातील तेलक्षेत्रांना हवाई सेवा पुरविण्यासाठी स्थापन झालेल्या भारताच्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीसाठी १९८० च्या दशकाच्या मध्यास २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे घेण्यात आली. त्यांची सुमारे ६ कोटी ५० लाख पौंडांची किंमत ब्रिटनच्या साहाय्यनिधीतून आली, आणि या व्यवहाराची गरज आर्थिक अडचणीत सापडलेल्या त्या ब्रिटिश कारखान्याला कमी नव्हती. १९८८ व १९८९ मध्ये प्राणघातक अपघात झाले आणि थोड्याच अवधीत ही हेलिकॉप्टरे वापरातून काढण्यात आली. विकासाची कसोटी दुय्यम ठरली की साहाय्य घेणाऱ्याच्या पदरी काय पडते, याचा हा दाखला होय.

हा सारा वाद कायद्याच्या कसोटीस लागला तो मलेशियातील पेर्गाउ धरणाच्या प्रकरणी. १९८८ मध्ये ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाशी केलेल्या मसुद्यात शस्त्रविक्री व विकाससाहाय्य यांची सांगड घालण्यात आली. पुढच्या वर्षी केलांतान राज्यातील या जलविद्युत्-प्रकल्पासाठी साहाय्य देऊ करण्यात आले, त्या वेळी खर्चाचा अंदाज ३१ कोटी ६० लाख पौंड होता. दोन आठवड्यांतच कंत्राटदारांनी तो ३९ कोटी ७० लाखांवर नेला. ब्रिटनचा वाटा २३ कोटी ४० लाख पौंडांचा ठरला. याहून स्वस्त वीज अन्य मार्गांनी मिळू शकत होती, असा साहाय्यखात्यातील अर्थशास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. ब्रिटिश प्रशासनात खात्याचा सर्वोच्च सचिव हा खर्चाबद्दल पार्लमेंटला व्यक्तिशः जबाबदार असतो. एखादा खर्च त्याला अयोग्य वाटला तर तो मंत्र्याकडून लेखी आदेश मागू शकतो. १९९१ च्या फेब्रुवारीत सचिव टिम लँकेस्टर यांनी या अधिकाराचा वापर केला. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी लेखी आदेश दिला व पैसे मंजूर झाले.

लेखापरीक्षकांच्या १९९३ च्या अहवालाने हे प्रकरण उजेडात आल्यानंतर एका स्वयंसेवी संस्थेने न्यायालयाची पायरी चढली. १९८० च्या अधिनियमात मंत्र्याला परदेशाच्या विकासाला चालना देण्याच्या, तेथील अर्थव्यवस्था राखण्याच्या वा तेथील लोकांच्या कल्याणाच्या 'हेतूने' साहाय्य देण्याचा अधिकार होता. कोणता विकास योग्य हे ठरविणे मंत्र्याच्या कक्षेतील आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. १० नोव्हेंबर १९९४ च्या निर्णयात न्यायालयाने तो अमान्य केला. राजकीय विचार निषिद्ध नाहीत. परंतु त्यांच्या तळाशी विकासाचा खरा हेतू असला पाहिजे, आणि आर्थिक दृष्ट्या जो प्रकल्प मुळातच निराधार आहे तो या कलमातील 'विकास' नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होय. कलमात 'सुदृढ' असे विशेषण नव्हते. न्यायालयाने ते 'विकास' या शब्दाच्या अर्थातच अध्याहृत मानले. पासष्ट वर्षे शासनाने आपल्या सोयीने वापरलेल्या शब्दाला प्रथमच शासनाबाहेरील अर्थनिर्णेता लाभला. पैसे मात्र थांबले नाहीत. सरकारने वचन पाळले. खर्च साहाय्याच्या तरतुदीऐवजी राखीव निधीतून भागविला. तरीही त्याला साहाय्य म्हणण्याचा हक्क सरकारने गमावला, हे लक्षणीय आहे.

पुढील सुधारणा या निर्णयाच्या छायेत झाल्या. १९९७ मध्ये क्लेअर शॉर्ट यांच्याकडे मंत्रिमंडळाच्या दर्जाचे आंतरराष्ट्रीय विकासखाते आले, व्यापार-तरतूद रद्द झाली, आणि २००१ मध्ये ब्रिटिश माल घेण्याची अटही काढून टाकण्यात आली. २००२ च्या अधिनियमाने साहाय्यापासून गरिबी कमी होण्याचा संभव आहे अशी मंत्र्याची खात्री पटली पाहिजे, असे बंधन घातले. 'त्यायोगे'ला येथे पूर्ण विराम मिळाला, असे कोणासही वाटले असते. २०१३ मध्ये ब्रिटनने प्रथमच ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले; २०१५ मध्ये ते अधिनियमाने बंधनकारकही केले.

येथेच एक विलक्षण विरोधाभास दृष्टीस पडतो. १९८० च्या अधिनियमातील शब्द सैल होता, तरी न्यायालयाने तो बंधनकारक ठरविला. २०१५ च्या अधिनियमातील आकडा नेमका होता. परंतु तो न पाळल्यास पार्लमेंटपुढे निवेदन करणे एवढेच त्यात अपेक्षित होते, आणि त्यावरून सरकारची कोणतीही कृती बेकायदा ठरणार नाही, अशी तजवीज त्याच अधिनियमात होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील धोरणपत्राच्या शीर्षकातच 'राष्ट्रहित' हा शब्द अवतरला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये खाते पुन्हा परराष्ट्रखात्यात विलीन झाले. २०२१ पासून प्रमाण ०.५ टक्क्यांवर आणण्यात आले, आणि ते पूर्ववत् करण्याच्या अर्थखात्याच्या अटींना कॉमन्स सभेने जुलै २०२१ मध्ये २९८ विरुद्ध ३३३ मतांनी मान्यता दिली. २०२५ च्या फेब्रुवारीत संरक्षणखर्च वाढविण्यासाठी हे प्रमाण २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. ही घोषणा मजूर पक्षाच्या सरकारने केली.

या टक्केवारीच्या आतही अर्थ सरकला आहे. साहाय्यदात्या देशांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार निर्वासितांवर यजमान देशात पहिल्या वर्षी होणारा काही खर्च साहाय्यात धरता येतो. या नियमाच्या आधारे २०२२ मध्ये ब्रिटनने सुमारे ३७० कोटी पौंड, म्हणजे आपल्या एकूण साहाय्याच्या चतुर्थांशाहून अधिक रक्कम, देशातच खर्च केली. निर्वासितांना आसरा देणे हे सत्कार्य आहे, यात संशय नाही. परंतु तो 'परदेशाचा विकास' कसा, हे सांगणे कठीण आहे. १९२९ मध्ये परदेशी खर्चाचे समर्थन स्वदेशी लाभाने करावे लागत होते. २०२२ मध्ये स्वदेशी खर्चाचा मोठा भाग परदेशी साहाय्य म्हणून मोजला गेला.

सुमारे शंभर वर्षांच्या या इतिहासात परोपकार व स्वार्थ यांपैकी एकाने दुसऱ्याला घालवून दिले, असे कधी घडले नाही. फरक पडला तो दोहोंमधील नाते कोणी व कोठे शब्दबद्ध केले, यामुळे. हेतू कलमात होता आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार शासनाबाहेरील कोणाला तरी होता, तेव्हा धरणासारखा प्रचंड व्यवहारही त्या हेतूच्या बाहेरचा ठरविता आला. आकडा कलमात होता, पण तो पाळला गेला की नाही हे ठरविणारा शासनाबाहेर कोणी नव्हता, तेव्हा तो टिकाऊ ठरला नाही. साहाय्याच्या धोरणाचे परीक्षण करताना त्यात किती पैसा आहे याच्या बरोबरीने, त्यातील 'विकास' या शब्दाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.