बेने इस्रायल समाजाची कोकणातील वारसास्थळे आणि तरुणांच्या वारसा-सहली : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाचे अध्ययन केवळ ग्रंथ व कागदपत्रे यांच्या आधारे होत नाही. स्थळ, वास्तू, विधी आणि स्मृती हीदेखील इतिहासाची साधने आहेत. जगभर विखुरलेल्या ज्यू समाजात ही जाणीव विशेष तीव्र असल्याचे दिसते. गेल्या तीन-चार दशकांत अठरा ते पस्तीस या वयोगटातील ज्यू तरुण-तरुणींच्या गटांनी पूर्वजांच्या वास्तव्याच्या प्रदेशांना भेटी देण्याची पद्धत रूढ झाली आहे. या प्रवासांचा एक टप्पा महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात येतो. सुमारे दोन शतकांपूर्वीपर्यंत मुख्यतः कोकणपट्टीत राहिलेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजाची मूळ स्थळे येथे आहेत. या स्थळांचे ऐतिहासिक स्वरूप आणि तेथे येणाऱ्या तरुणांच्या सहलींचे महत्त्व यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ज्यू तरुणांच्या वारसा-सहलींची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) बेने इस्रायल समाजाच्या प्रमुख वारसास्थळांमागील परंपरा व पुरावा यांची तुलना करणे.
३) अशा सहलींचे लाभ व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

लेखाची मांडणी दुय्यम साधनांवर आधारित असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वारसा-सहलींची पार्श्वभूमी

ज्यू तरुणांच्या संघटित सहलींचे दोन प्रमुख प्रवाह आढळतात. पहिला प्रवाह स्मरणाचा आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘मार्च ऑफ द लिव्हिंग’ या उपक्रमात विविध देशांतील तरुण पोलंडमध्ये एकत्र येतात आणि ऑश्विट्झ ते बिर्केनाऊ हे अंतर पायी चालून नाझी संहारातील बळींचे स्मरण करतात. दुसरा प्रवाह ओळखीचा आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘तागलित-बर्थराइट’ या योजनेने परदेशस्थ ज्यू तरुणांना दहा दिवसांचा इस्रायल प्रवास विनामूल्य उपलब्ध करून दिला. आजवर आठ लाखांहून अधिक तरुणांनी तिचा लाभ घेतला आहे. पहिल्या प्रवाहाचा केंद्रबिंदू मृत्यू आहे, तर दुसऱ्याचा राष्ट्र. जेथे ज्यू समाज शतकानुशतके शेजाऱ्यांसमवेत शांततेने जगला, अशा प्रदेशांना या दोन्ही प्रवाहांत फारसे स्थान नव्हते.

भारतातील सहली ही उणीव काही अंशी भरून काढतात. जानेवारी १९९२ मध्ये भारत व इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि इस्रायलमध्ये जन्मलेल्या बेने इस्रायल तरुणांना आजोबा-पणजोबांचे गाव पाहण्यासाठी येणे सुलभ झाले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी’ या अमेरिकन ज्यू साहाय्य संस्थेच्या तरुण विभागानेही मुंबईतील ज्यू समाजाचा परिचय करून देणारे दौरे आयोजित केले आहेत. परिणामी, एकाच स्थळी दोन भिन्न प्रकारचे प्रवासी येतात. एकाच्या आडनावात त्या परिसरातील गावाचे नाव असते, तर दुसऱ्यासाठी ते गाव संपूर्णतः अपरिचित असते.

नवगाव : परंपरा आणि पुरावा

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि समुद्रातून वाहून आलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. ती जागा समाजाने पवित्र मानली असून तेथे स्मारक उभारले आहे. वारसा-सहलीचा आरंभ बहुधा येथूनच होतो.

समाजाचे आद्य इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात ही घटना इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानली आहे. तथापि, तिला समकालीन लिखित पुरावा नाही. या समाजाविषयीचे उल्लेख अठराव्या शतकापासून स्पष्टपणे मिळू लागतात. १७३८ मधील एका मिशनऱ्याचे पत्र आणि १७६८ मधील कोचीनच्या यहेज्केल रहाबी यांचे पत्र ही त्यांपैकी महत्त्वाची साधने होत. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारा लक्षणीय प्रमाणात आढळल्या. या निष्कर्षाने समाजाच्या पश्चिम आशियाई मुळांच्या परंपरेला बळ मिळाले; गलबत फुटल्याचे वर्ष मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

सात जोडप्यांच्या या कथेचे चित्पावनांच्या उत्पत्तिकथेशी असलेले साम्य अभ्यासकांनी अनेकदा नोंदविले आहे. तेथेही समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांचा उल्लेख येतो. म्हणून नवगावची कथा केवळ ज्यू परंपरेचा भाग नसून कोकणच्या किनारी स्मृतीचाही भाग आहे, असे म्हणता येईल. सहलीत येणाऱ्या तरुणास ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

शनिवार तेली : गाव, व्यवसाय आणि विधी

कोकणातील वास्तव्यात या समाजाने तेलाचे घाणे चालविण्याचा व्यवसाय स्वीकारला. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शब्बाथ पाळणे, आठव्या दिवशी सुंता करणे, खवले असलेलेच मासे खाणे आणि ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणणे एवढ्या मोजक्या खुणांवर त्यांची धर्मपरंपरा टिकून राहिली. आडनावे मात्र गावांवरून पडली. किहीमवरून केहिमकर, दिवे आगरवरून दिवेकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, झिराडवरून झिराडकर अशी ही यादी मोठी आहे. बायबलमधील नाव आणि कोकणातील गाव यांचा संयोग एकाच व्यक्तीच्या नावात व्हावा, हे या समाजाच्या इतिहासाचे सार आहे.

सणांच्या नावांतही हेच दिसते. वर्षारंभास ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘दरफाळणीचा सण’ आणि त्याच मालिकेत ‘खिरीचा सण’ अशी शुद्ध मराठी नावे रूढ होती. धार्मिक व सामाजिक व्यवस्थेतील काजी, मुकादम, चौगुला ही पदेदेखील परिसरातील व्यवस्थेतूनच आलेली होती.

अलिबागजवळील खंडाळा येथील खडक हे सहलीतील दुसरे महत्त्वाचे स्थळ होय. एलियाहू हन्नाबी म्हणजेच एलिया हा प्रेषित येथून स्वर्गारोहण करून गेला, अशी समाजाची श्रद्धा असून खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या टापांच्या मानल्या जातात. म्हणून या स्थळास ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. येथे नवस फेडले जातात आणि मलिद्याचा विधी होतो. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर व वेलची यांचा मलिदा ताटात ठेवून भोवती फळे मांडतात आणि प्रार्थनेनंतर सर्वांना वाटतात. जगातील अन्य ज्यू समाजांत या स्वरूपात न आढळणारा हा विधी इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांनीही जपला आहे. ज्या तरुणाने घरी मलिदा खाल्लेला असतो, त्याला त्यातील पोहे व नारळ यांचा संदर्भ कोकणात आल्यावर खऱ्या अर्थाने उमगतो.

मुंबई : सिनेगॉग, शाळा आणि ग्रंथ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कंपनीच्या सैन्यातील नोकरी, बांधकाम आणि पुढे सरकारी कारकुनी ही त्यांची प्रमुख क्षेत्रे होती. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेले सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग स्थापन केले. ‘शाआर हारहामीम’ हे त्याचे नाव असून ‘जुनी मशीद’ या नावाने ते ओळखले जाते. प्रार्थनागृहास मशीद म्हणण्याची ही पद्धत शेजारच्या मुस्लिम समाजाशी असलेल्या निकट संबंधाची द्योतक आहे.

एकोणिसाव्या शतकातील धार्मिक पुनरुज्जीवनात मराठी भाषेचा वाटा मोठा होता. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. प्रत्यक्षात मात्र या शिक्षणामुळे समाज आपल्याच धर्मग्रंथांच्या अधिक जवळ गेला. वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. पुण्याच्या आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रीय वेशात दिसतात. केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेली शाळा पुढे सर एली कदुरी हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या रूपात सांगण्याची प्रथाही याच काळातील होय.

या ठिकाणी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. फोर्ट भागातील १८८४ चे केनेसेथ एलियाहू आणि पुण्यातील १८६७ चे ओहेल डेव्हिड अर्थात लाल देऊळ या भव्य वास्तू बगदादी ज्यू असलेल्या ससून घराण्याने उभारल्या. त्यांच्या तुलनेत अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन आबोथ, तसेच पेण, पनवेल व रेवदंडा येथील सिनेगॉग साधी आहेत. मोजक्या दिवसांच्या सहलीत भव्यतेकडे लक्ष अधिक वेधले जाणे स्वाभाविक आहे; परंतु समाजाच्या दीर्घ इतिहासाचा पत्ता या साध्या वास्तूंतच सापडतो.

स्थलांतर आणि ओळखीचा प्रश्न

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बेने इस्रायल कुटुंबांचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले. अशदोद, बीरशेबा, दिमोना, लोद इत्यादी शहरांत त्यांची वस्ती झाली. भारतात त्या सुमारास सुमारे वीस हजार असलेली या समाजाची संख्या घटत गेली. आज देशातील सर्व ज्यू मिळून संख्या पाच हजारांच्या आसपास आहे.

नव्या देशातील स्वागत मात्र निर्विवाद नव्हते. शतकानुशतके अन्य ज्यू समाजांपासून दूर राहिल्यामुळे त्यांचे विवाह व घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले होते किंवा नाही, अशी शंका तेथील धर्मपीठाने घेतली. विवाहापूर्वी वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश १९६२ मध्ये देण्यात आले. याविरुद्ध समाजाने आंदोलन उभारले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले. महाराष्ट्रात ज्यांना ज्यू असल्याबद्दल कोणी जाब विचारला नाही, त्यांना ज्यू राष्ट्रात तसे सिद्ध करावे लागले, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय.

या पार्श्वभूमीवर तरुणांच्या सहलींना केवळ पर्यटनाचे स्वरूप राहत नाही. नवगावचे स्मारक, इस्रायल आळीतील सिनेगॉग, जुन्या दफनभूमीतील हिब्रू व मराठी लेख ही त्या चौकशीला दिलेली मूक उत्तरे आहेत.

सहलींचे लाभ आणि मर्यादा

सहलींचा पहिला लाभ म्हणजे वास्तूंकडे वेधले जाणारे लक्ष. दुसरा लाभ म्हणजे ज्यू इतिहास हा केवळ छळाचा इतिहास नव्हे, याची तरुणांना होणारी जाणीव. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील नरिमन हाउसवर झालेला हल्ला बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी केला होता. स्थानिक सहजीवनाची परंपरा त्यामुळे खंडित झाली नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष आवश्यक असतात. कोकणातील लहान गावांत ही संख्या जमणे कठीण झाले आहे. सहलीचा गट आल्यावर सिनेगॉग काही तास भरते आणि नंतर पुन्हा मोजक्या कुटुंबांच्या निगराणीत राहते. दुसरे असे की, ‘हरवलेली जमात’ या आकर्षक कल्पनेमुळे परंपरा हीच सिद्ध इतिहास म्हणून सांगितली जाण्याचा धोका संभवतो. तिसरी व सर्वांत गंभीर मर्यादा भाषेची आहे. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ या नियतकालिकाने मराठी जपण्याचा प्रयत्न केला. तरीही तेथे जन्मलेल्या पिढीची भाषा हिब्रू झाली आहे. आजीचे मराठी हग्गादा नातवाला वाचता येत नाही. सहल त्याला गाव दाखवू शकते, गावाची भाषा देऊ शकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बेने इस्रायल वारसास्थळांचे महत्त्व त्यांच्या प्राचीनतेच्या दाव्यापेक्षा त्यांतून प्रकट होणाऱ्या सहजीवनात अधिक आहे. हा वारसा जितका ज्यू आहे, तितकाच मराठी आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु जतनाची जबाबदारी केवळ शासनावर वा घटत्या समाजावर टाकून चालणार नाही. रायगड व मुंबई परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी संयुक्तपणे दफनभूमींतील लेखांची नोंद, वृद्धांच्या मौखिक आठवणींचे संकलन आणि मराठी हग्गादा व कीर्तनसाहित्याचे वाचन ही कामे हाती घेणे निकडीचे आहे. बाहेरून येणाऱ्या तरुणांना जी भाषा अवगत नाही, ती येथील विद्यार्थ्यांची मातृभाषा आहे. सहलीतील तरुण आणि स्थानिक विद्यार्थी एकाच शिलालेखासमोर उभे राहिले, तर एक हिब्रू ओळ वाचेल आणि दुसरा मराठी. तो लेख पूर्ण वाचण्यासाठी दोघांचीही गरज आहे.