दुखणं जातं, कर्ज राहतं

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं आपण म्हणतो. त्याच्यामागून येणारं कर्ज मात्र मुंगीच्या पावलानंही जात नाही. आज त्या कर्जाचाच इतिहास बघू.

घरात मोठं आजारपण आलं, की आधी शेळ्या विकल्या जातात. मग आपल्या अंगावरचं सोनं जातं, मग जमीन गहाण पडते. खर्च नुसता दवाखान्याचा नसतो. आजारी माणसाची मजुरी बुडते आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईचीही बुडते. येणं थांबतं, जाणं वाढतं, आणि घर मोडतं.

याला नशीब म्हणून सोडून द्यायचं का? स्वातंत्र्याआधीच, १९४६ साली, भोर समितीनं सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे आपल्या नाशिकचे. त्याच विचारातून १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. तिथं गावातल्याच बायका शिकून आरोग्यसेविका झाल्या. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी देणं, अडलेली बाळंतीण वेळीच पुढं पाठवणं, हे त्यांनी केलं. दुखणं लहान असतानाच धरलं, तर जीव वाचतो आणि सोनंही वाचतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण पुढं खासगी दवाखाने वाढले आणि सरकारचा खर्च तोकडाच राहिला. २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये घरांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला.

आपल्या राज्यात २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. शिवाय धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

तरी बुडालेली मजुरी आणि रोजच्या बीपी-साखरेच्या गोळ्या योजनेत बसत नाहीत. तिथंच आपला बचत गट कामी येतो. म्हणून गटात दवाखान्यासाठी कर्ज मागायला कुणी आली, तर पैसे तर देऊच, पण आधी तिला विचारू: रेशनकार्ड, आधार घेतलंस का? दवाखाना योजनेत आहे का? तिथल्या आरोग्यमित्राला भेटलीस का? आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढणाऱ्या मैत्रिणीला आपणच हाताला धरून आरोग्य केंद्रात नेऊ. कारण अंगावर काढलेलं दुखणंच पुढं घरावर येतं.